कुत्र्याच्या लघवीच्या तक्रारी: कधी थांबायचं आणि कधी लगेच निघायचं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून, थोडे रायगडातून, कुत्रं पाळणाऱ्यांचे जे प्रश्न सारखे सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. मी डॉक्टर नाही, घरची आणि वाडीतली कुत्री सांभाळते आणि त्यांना घेऊन दवाखान्यात जाते, त्यामुळे औषधाचे डोस इथे मिळणार नाहीत, कधी जायचं ते मिळेल. तुमचा कुत्रा आत्ता शू करायला बसतोय आणि येत नाहीये असं असेल तर थेट प्रश्न २ आणि ४ वाचा आणि निघा, बाकीचं नंतर.

१. दिवसातून किती वेळा शू केली म्हणजे नॉर्मल?

मोठं कुत्रं साधारण ३ ते ५ वेळा, पिल्लं त्याहून बरीच जास्त. नर फिरायला गेला की प्रत्येक माडाला आणि गडग्याला थोडं थोडं सोडतो ते यात धरायचं नाही. दिवसभरात वजनाच्या एका किलोमागे २० ते ४० मिली लघवी होते, म्हणजे १५ किलोच्या गावठी कुत्र्याला ३०० ते ६०० मिली, पण आकड्यापेक्षा आपल्या कुत्र्याचं रोजचं काय ते माहीत असणं महत्त्वाचं, धार किती वेळ चालते, रंग कसा असतो. आपल्याकडे बरीच कुत्री मोकळी असतात, सकाळी सोडली की मळ्यात नाहीतर पाणंदीत जाऊन येतात आणि शू केली का, कशी केली, हे कोणी बघितलेलंच नसतं, म्हणून आजार दोन-तीन दिवस उशिरा कळतो. रोज सकाळी पट्टा लावून खळ्यात न्या आणि पहिली धार डोळ्याने बघा.

२. सारखा तंगडी वर करतोय पण थेंब थेंबच येतंय. उन्हाळी लागली असेल का? उद्या सकाळी नेलं तर चालेल?

नर असेल तर उद्यावर टाकू नका. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त कुत्री "उन्हाळी लागली असेल, धने-जिऱ्याचं पाणी देऊन बघू" यातच हातची जातात.

काय होतं ते समजून घ्या. नराच्या लिंगात एक हाड असतं आणि मूत्रनळी त्या हाडाच्या खालच्या खाचेतून जाते, तिथे जागा अरुंद असते आणि नळीला फुगायला वाव नसतो. मूत्राशयातून बारीक खडा सुटला की तो नेमका त्या हाडाच्या मागे येऊन अडकतो. वरून लघवी तयार होतच राहते, मूत्राशय टम्म फुगतं, मग किडनीवर उलटा दाब येतो, जे बाहेर जायला हवं ते रक्तात साचतं. त्यातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. २४ तासातच कुत्रा मलूल होतो, उलट्या सुरू होतात, आणि दोन-तीन दिवसात जीव जाऊ शकतो, कधी मूत्राशयच फुटतं.

दिसायला असं दिसतं: पाठ कमानीसारखी करून बराच वेळ उभा राहतो, मागे वळून बघतो, चाटतो, चार पावलं पुढे जाऊन परत तसाच उभा, आणि जमिनीवर बघितलं तर ओल रुपयाएवढी. थेंब येतोय म्हणजे पूर्ण बंद नाही असं समजून लोक थांबतात, पण अर्धवट अडकलेलं कुठल्याही क्षणी पूर्ण अडकतं. किती वेळा बसला ते मोजू नका, बाहेर किती आलं ते बघा.

मादीची नळी आखूड आणि रुंद असते, तिथे खडा अडकणं कमी, बऱ्याचदा ते इन्फेक्शन निघतं. तरी मादीलाही त्याच दिवशी दाखवा, आणि थेंबही येत नसेल तर तिच्या बाबतीतही तासच मोजायचे.

३. शू अडकली आहे की शी अडकली आहे, कसं ओळखू? दोन्हीला सारखाच कुंथतो.

लांबून बघून खरंच फसायला होतं. बद्धकोष्ठ असेल तर पाठ वाकवून मागचे पाय जवळ घेऊन बसतो आणि मधेच लघवीची धार नीट सोडून येतो, ती धार दिसली की निम्मी काळजी मिटली. शेवटची चांगली धार कधी बघितली ते घरातल्या सगळ्यांना विचारा. कोणालाच आठवत नसेल तर लघवी अडकली आहे असंच धरून चाला. बारीक कुत्र्यात मागच्या पायांच्या पुढे, पोटाच्या खालच्या भागाला हलका हात लावला तर घट्ट गोळा लागतो आणि कुत्रा कळवळतो. हलका हात म्हणजे हलकाच, दाबायचं नाही. वय झालेल्या, नसबंदी न झालेल्या नरात प्रोस्टेट (मूत्रनळीभोवतीची ग्रंथी) वाढून शी आणि शू दोन्हीला त्रास होतो, शी चपटी पट्टीसारखी येते, तेही डॉक्टरच बघणार.

४. रात्र आहे, पाऊस आहे, दवाखाना ४० किलोमीटरवर. तोपर्यंत घरी काय करू? शहाळं देऊ का?

पहिलं काम फोन. गावातल्या नाहीतर तालुक्याच्या पशुवैद्यकाला फोन करून "शू बंद आहे, नर आहे, अमुक वेळेपासून" एवढंच सांगा. तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय. १९६२ नंबरची फिरती गाडी मुख्यतः गुरांसाठी आहे पण विचारायला हरकत नाही, निदान जवळचे डॉक्टर तरी कळतात. गुरांचे डॉक्टर म्हणून कमी लेखू नका, कॅथेटर (लघवी काढायची बारीक नळी) घालणं किंवा मूत्राशयातली लघवी सुईने काढून दाब कमी करणं, हे पहिलं जीव वाचवणारं काम ते करू शकतात, आणि मग पुढे जायला वेळ मिळतो. ऑपरेशन, सोनोग्राफी यासाठी कोणी कोल्हापूर गाठतं, कोणी कराड, सावंतवाडी-दोडामार्गकडची मंडळी बेळगाव नाहीतर गोवा, रायगडवाले मुंबईला परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलात. पावसाळ्यात आंबा, कुंभार्ली, आंबोली यातला कुठला घाट चालू आहे ते निघायच्या आधी विचारून घ्या, दरड आली की गाडी तासन् तास अडकते.

शहाळं देऊ नका. माणसाला बरं वाटतं म्हणून आपण देतो, पण शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि अडकलेल्या कुत्र्याच्या रक्तात तेच आधीच वाढत असतं. कुळथाचं कढणही नको, अडकलेला खडा त्याने विरघळत नाही, नुसता वेळ जातो. बळेबळे पाणी पाजू नका, पोट दाबून लघवी काढायचा प्रयत्न करू नका, फुगलेलं मूत्राशय फुटू शकतं. आणि माणसांची दुखण्याची गोळी अजिबात नाही, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याची किडनी आणि पोट दोन्ही जातं.

५. लघवीत रक्त दिसलं पण खातोय-पितोय, खेळतोय. थांबू का?

धार व्यवस्थित येतेय, जेवतोय, तर मध्यरात्री पळायची गरज नाही, पण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवा, आणि शक्य असेल तर सॅम्पल घेऊन जा (प्रश्न १०). इन्फेक्शन, खडा, प्रोस्टेट, आणि म्हाताऱ्या कुत्र्यात कधी मूत्राशयातली गाठ, कशानेही रक्त येतं, नुसतं बघून कोणी सांगू शकत नाही.

दोन ठिकाणी मात्र लगेच निघा. घरात, मांगरात किंवा शेजारच्या बागेत उंदराचं औषध ठेवलेलं असेल तर एक, कारण त्यातल्या बऱ्याच विषांनी रक्त गोठायचं थांबतं आणि लक्षणं दोन ते पाच दिवसांनी दिसतात, तोपर्यंत आपण विसरलेलो असतो. त्यावर व्हिटॅमिन के-वन चालतं, वेळेवर दिलं तर कुत्रा वाचतो. औषधाचं पाकीट सोबत न्या. दुसरं म्हणजे तोंड किंवा पाय सुजलाय, हिरड्यांतून रक्त येतंय आणि लघवीही लाल. आपल्याकडे कातळावर फुरसं आणि गवतात घोणस, दोघांच्या विषाने हे होतं, घोणशीने किडनीही बंद पडते. माणसाला देतात तेच प्रतिविष कुत्र्याला चालतं, फोनवरच विचारा त्यांच्याकडे आहे का.

वयात आलेली मादी असेल तर आधी ती माजावर नाही ना ते बघा, त्याचं रक्त वेगळं, दोन-तीन आठवडे टिपकतं आणि साधारण सहा-सात महिन्यांनी परत येतं.

६. लाल नाही, कोऱ्या कॉफीसारखी शू होतेय.

हे लाल रंगापेक्षा जास्त काळजीचं. रक्तातल्या लाल पेशीच फुटत असतात आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. आपल्या भागात पहिला संशय गोचीड तापाचा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली गोचीड शोधा, आणि ओठ वर करून हिरड्या बघा, पांढुरक्या किंवा पिवळसर असतील तर आजच दवाखाना. कांदा-लसूणही लाल पेशी फोडतात, कांद्याच्या वाटणाचं कालवण भातावर रोज ओतणाऱ्या घरांनी हे मनावर घ्याच. गर्द पिवळी-नारिंगी लघवी आणि डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, तर लेप्टो किंवा लिव्हर, पुढचा प्रश्न वाचा.

७. लेप्टो कुत्र्याला पण होतो? आणि त्याच्याकडून आपल्याला?

दोन्हीला हो. लेप्टोचे जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून बाहेर पडतात आणि ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे टिकतात. भातलावणीच्या दिवसात चिखलात काम करणाऱ्या माणसांना होतो तसाच मळ्यात, व्हाळात हुंदडणाऱ्या कुत्र्याला होतो, पायाला जखम असेल तर तिथून, नाहीतर पाणी पिताना. ताप, उलट्या, मागचे पाय अवघडलेले, मग कावीळ, आणि लघवी आधी खूप आणि नंतर एकदम कमी. लघवी कमी होणं म्हणजे किडनी बंद पडायला लागली. लवकर सलाइन आणि अँटिबायोटिक सुरू झालं तर किडनी पुन्हा काम करायला लागते, म्हणून जून ते ऑक्टोबरमध्ये उलट्या-ताप दिसला की "काहीतरी खाल्लं असेल" म्हणून दोन दिवस काढू नका.

लस आहे. लसीच्या कार्डावर लेप्टो लिहिलंय का ते तपासा, सगळ्या मिक्स लसींमध्ये ती नसते. पहिल्यांदा दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने आणि मग दरवर्षी, पावसाच्या आधी घेतली तर उत्तम. लसीने सगळे प्रकार अडत नाहीत, पण बराच बचाव होतो.

आजारी कुत्र्याची लघवी साफ करताना हातमोजे, पायात गमबूट, फरशीला ब्लीचिंगचं पाणी. मुलांना लांब ठेवा. बरा झाला तरी काही काळ जंतू लघवीतून येऊ शकतात, ते किती दिवस जपायचं डॉक्टरांना विचारा. घरात कोणाला ताप आला तर आरोग्य केंद्रात आवर्जून सांगा की कुत्र्याला लेप्टो झालाय.

८. पाणी खूप पिते आणि रात्री घरात शू करते. आधी कधीच करत नव्हती. पाणी कमी करू का?

पाणी कधीच तोडू नका. जास्त शू होते म्हणून ती जास्त पिते, तुम्ही पाणी उचललंत तर आतून सुकते. त्यापेक्षा मोजा: सकाळी लिटरच्या बाटलीने मोजून भांडं भरा आणि दुसऱ्या सकाळी किती उरलं बघा. किलोमागे ५०-६० मिलीपर्यंत ठीक, मे महिन्यात थोडं जास्त होणारच, पण १०० मिलीच्या वर रोज जात असेल, म्हणजे २० किलोच्या कुत्रीला २ लिटरच्या वर, तर तपासणी हवीच. डायबेटिस, किडनी, हार्मोनचे आजार, सगळ्यांची सुरुवात अशीच होते. पावसात खाज वाढली म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा गोळी चालू असेल तरी तहान वाढते, ते डॉक्टरांना सांगा, गोळी मनाने बंद करू नका. सुकट, खारा बांगडा घातला की त्या दिवशी पाणी जास्त पिणार, किनाऱ्यावर समुद्राचं पाणी प्यायला तरी तसंच, फक्त त्यात उलट्या-जुलाब झाले आणि झोकांड्या द्यायला लागला तर दवाखाना.

नसबंदी न झालेली मादी, माज होऊन महिना-दोन महिने झालेत, पाणी खूप, जेवण कमी, मागून पू किंवा घाण वासाचा स्राव: गर्भाशयात पू झालाय. कधी स्राव बाहेर येतच नाही, पोट फुगतं आणि कुत्री गळून पडते, ते जास्त वाईट. यात ऑपरेशन लागतं आणि ते लवकर लागतं, लघवीचं इन्फेक्शन समजून गोळ्या देत बसू नका.

९. मागच्या वेळची अँटिबायोटिक उरली आहे, तीच देऊ का? लक्षणं तीच आहेत.

नको. लक्षणं तीच असली तरी कारण तेच असेल असं नाही, आत खडा असेल तर गोळ्यांनी चार दिवस बरं वाटेल आणि परत सुरू. अर्धवट कोर्सने जंतू औषधाला दाद देईनासे होतात. वर्षात तीन-चार वेळा इन्फेक्शन होत असेल तर डॉक्टरांना स्वतःहून कल्चर (लघवीतला जंतू कुठला आणि त्याला कुठलं औषध चालतं याची तपासणी) करू का विचारा. जळजळीचं माणसांचं सिरपही नको, ते लघवी अल्कधर्मी करतं आणि इन्फेक्शनमुळे होणारे खडे नेमके तशाच लघवीत वाढतात.

१०. लघवीचं सॅम्पल घ्यायचं कसं? बाटली पुढे केली की पळतो.

लांब दांड्याची पळी किंवा डाव घ्या, उकळत्या पाण्याने धुऊन कोरडा केलेला. सकाळच्या पहिल्या शूच्या वेळी पट्टा आखूड धरा, बाजूने चाला, समोर जाऊ नका, धार सुरू झाली की एक-दोन सेकंद जाऊ द्या आणि मागून हळूच पळी खाली सरकवा. मादी खाली बसते तेव्हा उथळ ताटली बरी पडते. दोन-तीन चमचे मिळाले तरी पुरतं. मेडिकलमधून सॅम्पलची डबी आणलेली असली पाहिजे, लोणच्याची धुतलेली बाटली नको. तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून त्याच दिवशी द्या. जमिनीवरची गोळा केलेली चालत नाही. कल्चरसाठी डॉक्टर थेट मूत्राशयातून सुईने घेतात, ऐकायला भीतीदायक आहे पण सेकंदाचं काम असतं. आणि अडकलेल्या कुत्र्याचं सॅम्पल मिळवत बसू नका, तसाच न्या.

११. मुतखडा निघाला. ऑपरेशनच करावं लागतं का? बोअरच्या पाण्याने होतो का?

खड्याच्या प्रकारावर आहे. इन्फेक्शनमुळे होणारा स्ट्रुव्हाइट, माद्यांमध्ये जास्त, खास खाणं आणि अँटिबायोटिकवर काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत विरघळू शकतो. कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाही, तो काढावाच लागतो, शित्झू, ल्हासा अशा छोट्या जातींत जास्त दिसतो. डाल्मेशियनमध्ये युरेटचा खडा होतो, तो साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही, सोनोग्राफी लागते. काढलेला खडा फेकू देऊ नका, तपासणीला पाठवा, पुढचं खाणं त्यावर ठरतं. नळीत अडकलेला खडा डॉक्टर कधी सलाइनच्या जोराने मागे मूत्राशयात ढकलतात आणि मग ऑपरेशन करतात.

पाण्याला उगाच दोष देऊ नका, कमी पाणी पिणं जास्त वाईट. सुक्या दाण्यांवर असेल तर त्यात पाणी घाला, भात पातळ करून द्या, भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा.

१२. पाऊस पडतोय म्हणून बाहेरच जात नाही, १२-१४ तास रोखून धरतो. त्याने काही होतं?

एखाद्या दिवशी काही होत नाही, पण रोज असंच झालं तर साचलेल्या लघवीत इन्फेक्शन आणि खडा दोन्हीला वाव मिळतो. आपल्याकडे पाऊस चार महिने आहे, त्यामुळे सोय करायलाच हवी: पडवीच्या कडेला पत्रा टाकून कोपरा करा, खाली वाळू किंवा नारळाच्या सोडणांचा भुसा, आणि त्याचीच थोडी शू लागलेलं फडकं एकदा तिथे ठेवा म्हणजे जागा कळते. दुपारची उघडीप मिळाली की न्या. पाऊस थांबल्यावरही गेला नाही किंवा गेला आणि आलं नाही, तर प्रश्न २.

१३. नसबंदीचं ऑपरेशन झालेली कुत्री झोपेतून उठली की खाली ओलं असतं. तिला ओरडलो तर लपून बसते.

ओरडू नका, तिला कळतही नाही. नसबंदीनंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी हार्मोन कमी झाल्याने नळीचा स्नायू सैल पडतो, आकाराने मोठ्या कुत्र्यांत जास्त. गोळीने बहुतेक माद्यांना चांगला फरक पडतो. आधी इन्फेक्शन नाही ना ते तपासतात. म्हणून नसबंदीच नको असं मात्र ठरवू नका, प्रश्न ८ मधला गर्भाशयाचा पू त्यापेक्षा फार वाईट. पाहुणे आले की आनंदाने किंवा घाबरून थोडी शू होणं हे पिल्लांत वेगळं, वयाबरोबर जातं. पिल्लू जन्मल्यापासून सतत, चालता-फिरताही गळत असेल तर नळीची जन्मजात चूक असू शकते, दाखवा.

१४. वाडीतल्या मोकळ्या कुत्र्याच्या शूच्या जागेतून रक्त टिपकतंय, पण शू नीट करतो.

लिंगाच्या टोकाशी किंवा मादीच्या योनीशी फुलकोबीसारखी लाल गाठ आहे का बघा. भटक्या कुत्र्यांत समागमातून पसरणारी एक गाठ खूप दिसते, तिचं रक्त लघवीतलं वाटतं. आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात, त्यामुळे "कॅन्सर आहे, जाऊ दे" म्हणून सोडू नका. कुत्रं पकडून आणायचं तेवढं आपलं काम, आणि दर आठवड्याला आणायचं.

१५. क्रिएटिनिन वाढलंय म्हणाले. संपलं का आता?

क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, तो वाढला म्हणजे किडनी कमी काम करतेय. अचानक वाढलं असेल, लेप्टो, साप, विष, अडकलेली लघवी यामुळे, तर सावरायला वाव आहे आणि पहिले काही दिवस सलाइनवर झुंजावं लागतं. सावकाश वाढलेलं असेल तर किडनी परत येत नाही, क्रिएटिनिन वाढायच्या आधीच सुमारे ७५ टक्के काम गेलेलं असतं, तरीही योग्य खाणं, उलटीचं औषध आणि भरपूर पाणी यावर कित्येक कुत्री चांगले महिने, कधी वर्षं काढतात. मनुका, बेदाणे, द्राक्षं पूर्ण बंद, ती निरोगी कुत्र्यालाही किडनीला घातक, प्रसादाचा शिरा उचलून देताना लक्षात ठेवा. चिंचेतही द्राक्षांतलंच आम्ल असतं, चिंचेची आमटीही नको.

१६. हायवेवर गाडीने उडवलं. मागचे पाय ओढतोय, पण खाली शू गळतेय, म्हणजे ते तरी ठीक ना?

ठीक नाही. मणक्याला मार लागला की मूत्राशय आपणहून रिकामं होत नाही, भरून वाहतं आणि ते ओघळ आपल्याला शू वाटते. धक्क्याने मूत्राशय फाटलेलं असलं तरी थोडी लघवी बाहेर येऊ शकते, म्हणून अपघात झालेला कुत्रा चालत असला तरी पुढचे दोन दिवस धार आणि पोट बघा. पाय ओढणाऱ्याला फळीवर किंवा जाड चादरीत आडवा ठेवून न्या. वाचलेल्या कुत्र्याचं मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने रिकामं करावं लागतं, ते डॉक्टर तुमचा हात धरून दाखवतील तसंच शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. (प्रश्न ४ मध्ये दाबू नका म्हटलंय ते अडकलेल्या नळीसाठी, तिथे लघवीला वाटच नसते.) खालचं गोणपाट रोज बदला, कातडी ओली ठेवली की दोन दिवसात जखम होते आणि त्यात माश्या बसून किडे पडतात. लघवी गढूळ झाली किंवा घाण वास यायला लागला की सॅम्पल घेऊन जा, अशा कुत्र्यांना इन्फेक्शन लवकर आणि वारंवार होतं.